जुन्या सिंगल-सिलिंडर मोटरसायकलला हलकी साइडकार: काही महिने चालवल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. साइडकार मी काढणार नाही. पण ‘हलकी आहे, सहज बसेल, सहज चालेल’ असं जे विकणारे सांगतात, त्यातलं पहिलंच खरं आहे.

गाडी १९५० च्या दशकातली, बीएसए या ब्रिटिश कंपनीची बी३१. ३४८ सीसी, प्लंजर फ्रेम (मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी उभ्या स्प्रिंगा), नवी असताना सतरा-एक हॉर्सपॉवर. साइडकार नव्या बनावटीची, एका माणसाची: नळ्यांची चासी, फायबरची बॉडी, चाकाला ब्रेक नाही. रिकामी असताना तिचं वजन गाडीच्या एक तृतीयांशाहून थोडं कमी भरतं आणि मी ती घेतली ती याच कारणासाठी. जड, दोन माणसांच्या साइडकारसाठी त्या काळात वेगळी इंजिनं होती. बीएसएचंच एम२१ घ्या. ५९१ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेलं), वेगाच्या नावाने शून्य, पण खालच्या आरपीएमला ओढण्याची ताकद भरपूर. ब्रिटनच्या ऑटोमोबाईल असोसिएशनचे गस्तीवाले त्यालाच साइडकार लावून फिरायचे. माझ्या ३४८ सीसीकडून ती अपेक्षा ठेवणं म्हणजे इंजिनावर अन्याय.

जोडणी चार ठिकाणी आहे, दोन खाली आणि दोन वर. खालचे दोन वजन पेलतात, वरचे दोन तिरके दांडे गाडी उभी धरतात. फ्रेमला वेल्डिंग अजिबात करू दिलं नाही. इतक्या जुन्या फ्रेमला उष्णता दिली की जोडाशेजारची नळी कमजोर होते, शिवाय उद्या साइडकार काढली तरी डाग कायमचा. सगळं क्लॅम्पवर. मात्र क्लॅम्पचा आतला व्यास नळीशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. किटमधला एक क्लॅम्प किंचित मोठा होता आणि सोबत ‘मध्ये रबर घाला’ असा सल्ला आला. रबर घातलं की जोड हलतो, आणि हलणारा जोड नळी खातो. तो क्लॅम्प टर्नरकडून नवा करून घेतला. रंग खरवडला जातो म्हणून हळहळणाऱ्यांनी साइडकारच्या वाटेला जाऊ नये.

नट-बोल्टचं काम एका दिवसात होतं. त्यानंतरची मापं वेळ खातात, आणि गाडी कशी चालणार हे तीच ठरवतात. पहिलं माप टो-इन. गाडीच्या दोन्ही चाकांना लावून एक सरळ फळी, साइडकारच्या चाकाला लावून दुसरी. दोन फळ्यांमधलं अंतर पुढे मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. माझ्याकडे हा फरक १५ मिलिमीटर आहे. पुढचा टायर मागच्याहून अरुंद असेल तर ती फट भरून मगच फळी लावायची, नाहीतर सगळं माप खोटं. दुसरं माप लीन-आउट, म्हणजे गाडी साइडकारपासून बाहेरच्या बाजूला अंशभर कललेली. त्यासाठी मागच्या चाकाशेजारी ओळंबा सोडला. तिसरं, साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या आसापेक्षा थोडं पुढे हवं. माझं वीतभर पुढे आहे. एक माप बदललं की दुसरं हलतं, म्हणून शेवटी तिन्ही पुन्हा तपासायची, आणि तीही चालवणारा गाडीवर बसलेला असताना.

हे सगळं का, तर साइडकार डावीकडे आहे आणि जिथे वाहतूक डावीकडून चालते तिथे रस्त्याचा उतारही डावीकडेच असतो. गाडी सतत डावीकडे ओढली जाते. लीन-आउट वाढवला की ती ओढ कमी होते, जास्त वाढवला की गाडी उजवीकडे पळते. टो-इनमधली चूक हँडलला लवकर कळत नाही, टायरला कळते. पहिल्या काही दिवसांत सगळे क्लॅम्प बसून ढिले झाले, ते पुन्हा आवळले. अजूनही लांबच्या फेरीआधी पान्हा फिरवतोच.

चालवण्याबद्दल. मोटरसायकलची सवय इथे शत्रू आहे. झुकून वळणं विसरायचं, हँडल खरोखर फिरवावं लागतं. रेस दिली की साइडकार मागे राहते आणि गाडी डावीकडे वळू बघते. रेस सोडली किंवा ब्रेक मारला की साइडकार पुढे धावते आणि गाडी उजवीकडे. उजव्या वळणात हे पथ्यावर पडतं, कारण वेग कमी करतानाच गाडी आत येते. डावं वळण हा खरा मामला. वजन बाहेर जातं, साइडकारचं चाक उचललं जातं, आणि घाबरून रेस सोडावी तर गाडी वळणाबाहेर, समोरच्या लेनकडे निघते. वेग आधीच कमी करायचा, अंग डावीकडे टाकायचं, वळणात थोडी रेस धरून ठेवायची. सांगायला सोपं आहे. मोकळ्या मैदानात चाक मुद्दाम उचलून, ते हळूच खाली आणण्याचा सराव झाल्याशिवाय रहदारीत उतरू नका.

आणि हलकेपणाची किंमत नेमकी इथे मोजावी लागते. जड साइडकार रिकामी असली तरी बसून राहते, माझी उडते. म्हणून कोणी बसणार नसेल तेव्हा वाळूची पिशवी तळाशी बांधलेली असते, चाकाच्या शक्य तितकी जवळ. म्हणजे वजन वाचवून वाळू वाहतोय! तरी हिशेब फायद्याचाच, कारण माणूस बसला की पिशवी उतरते.

हळू वेगात, साधारण पळत्या माणसाच्या गतीला, हँडल थरथरतं. मूळ फोर्कची ट्रेल (हँडलच्या आसाची रेष जमिनीला टेकते तिथून पुढचं चाक किती मागे टेकतं ते अंतर) एकट्या मोटरसायकलसाठी ठरवलेली असते, साइडकारला ती कमी लागते. बीएमडब्ल्यूने अर्ल्स फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक स्विंगआर्मवर झुलणाऱ्या, गाड्यांत याची सोयच केली होती: पुढच्या स्विंगआर्मला दोन जागा, एक साइडकारसाठी. मला मूळ फोर्क बदलायचा नव्हता. स्टेअरिंग डॅम्पर (हँडलची हालचाल घट्ट करणारा भाग) थोडा आवळून थरथर आटोक्यात आहे, पण हँडल जड राहतं आणि दिवसअखेर खांदे बोलतात.

इंजिन स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाकडचं चेनचं दातेरी चाक, दोन दातांनी लहान केलं. हे करायचं की नाही यावर घोळ घालू नका, करा. १८ दातांचं १६ केलं तर गिअरिंग ११ टक्क्यांनी खाली येतं. त्याआधी टॉप गिअर फक्त उतारावर उपयोगी होता आणि चढावर क्लच रडत होता. आता गाडी ताशी ६०–६५ किलोमीटरला खूश असते, त्यापुढे मी जात नाही. पेट्रोल अर्थातच जास्त लागतं.

लोक सांगत नाहीत असं एक दुखणं: या गाडीची प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी) आणि क्लच डाव्या बाजूला, म्हणजे थेट साइडकारच्या कुशीत. किक आणि गिअर उजवीकडे असल्याने रोजचं अडत नाही, पण प्रायमरीचं झाकण उघडायचं तर वरचे दांडे सोडून आडवं पडावं लागतं. फाटकाची रुंदीही आधी मोजा. १९१२ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेल्या वॉटसोनियन या साइडकार कंपनीची पहिली साइडकार घडीची होती, अरुंद वाटेतून आत नेता यावी म्हणून. फाटकापाशी उभं राहून मागेपुढे ढकलताना ती बनवणारा किती शहाणा होता ते कळतं, कारण रिव्हर्स गिअर आपल्याकडे नाही.

सहा व्होल्टचा ६० वॉटचा डायनॅमो आहे, तेव्हा साइडकारचे दिवे कमीत कमी वॉटचे ठेवलेत. पण पुढचा पांढरा दिवा हवाच, नाहीतर अंधारात समोरच्याला ही एकटी मोटरसायकल वाटते.

बसणारे मात्र खूश. इंजिनाचा आवाज कमी येतो, पाय लांब करता येतात, तक्रार एकच की ट्रकची चाकं डोळ्यांच्या रेषेत येतात. मागचा टायर मधोमध सपाट झिजला आहे आणि मागच्या चाकाचे काही स्पोक पुन्हा ताणावे लागले. पुढच्या वेळी टायर घेताना गोल माथ्याचा न घेता चपट्या माथ्याचा घेणार आहे. साइडकारच्या चाकाला ब्रेक बसवायचा का, हे अजून ठरत नाही. रिकाम्या चाकावर तो लॉक होईल की काय, ही शंका आहे.