पार्टी दुबईला पळाली: प्रत्यार्पण, डिपोर्टेशन की वसुलीचा दावा?

माल उचलला, चेक दिले, चेक परत आले आणि पार्टी दुबईला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या व्यवहारातली अशी गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणतंच, "सरकारला सांगून आणा की ओढून!" आणता येतं. पण कुठल्या रस्त्याने, आणि आणून तुमच्या हाती काय, हे आधी बघा.

प्रत्यार्पण म्हणजे एका देशाने मागितलेला आरोपी दुसऱ्याने ताब्यात देणं. ही मागणी तुमची नसते, भारत सरकारची असते. पोलिसांत गुन्हा, दोषारोपपत्र, सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टाचं वॉरंट, मग कागद मंत्रालयातून दिल्लीला परराष्ट्र खात्यात आणि तिथून अरबी भाषांतरासह दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीला. या साखळीत फिर्यादी म्हणून तुम्ही फक्त पहिल्या कडीत असता. अमिरातीशी आपला करार 1999 चा. गुन्हा दोन्ही देशांत गुन्हा हवा आणि त्याला किमान एक वर्षाची शिक्षा हवी. गोची इथेच आहे: खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत जाणं हा तिकडे 2022 पासून बऱ्याच अंशी फौजदारी गुन्हा उरलेला नाही. म्हणजे नुसत्या 138 वर (चेक न वटल्याबद्दलचं आपल्याकडचं कलम) भागत नाही, पहिल्यापासून फसवायचाच इरादा होता हे कागदांवरून दिसायला हवं. पार्टीने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर विषयच मिटला, स्वतःचा नागरिक ते देत नाहीत.

शिवाय आणलेल्या माणसावर, देणाऱ्या देशाने संमती दिल्याशिवाय, ज्या गुन्ह्यासाठी आणलं तोच खटला चालतो. अबू सालेमला 2005 मध्ये पोर्तुगालहून आणताना फाशी नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, असा शब्द दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सरकारला तो पाळायला सांगितलं. आपल्या सार्वभौमत्वाला ही मुरड कशाला, असं कुणाला वाटेल, पण समोरचाही सार्वभौमच आहे ना!

वेळेचं म्हणाल तर ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर प्रकरणातला दलाल ख्रिश्चियन मिशेल 2018 मध्ये दुबईहून आला. विजय मल्ल्यांच्या बाबतीत त्याच वर्षी लंडनच्या कोर्टाने होकार दिला, 2020 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं, आणि पुढे वर्षं गेली तरी विमान काही आलं नाही. ही सरकारच जिद्दीने मागे लागलेली प्रकरणं. तुमची दीड कोटीची फाइल कितव्या नंबरला असेल, तुम्हीच ठरवा.

डिपोर्टेशन वेगवान. नको असलेल्या परक्याला बाहेर काढणं हा त्या देशाचा स्वतःचा अधिकार, त्याला करार लागत नाही. छोटा राजन 2015 मध्ये इंडोनेशियातून असाच आला. एकाच गुन्ह्याची अटही सहसा आड येत नाही. तुमच्या हातात एवढंच की फौजदारी खटला प्रलंबित असल्याचं दाखवून पासपोर्ट जप्त करण्यासाठी पाठपुरावा करायचा, म्हणजे तिकडे राहणं त्याला अवघड जाईल. पुढची सगळी त्या देशाची मर्जी. अशा आडवाटेवर टीका होते, पण एकदा माणूस हाती आला की तो सहसा परत जात नाही. मार्सेयला सावरकरांना पकडून ब्रिटिशांच्या ताब्यात देण्यात चूक झाली, हे हेगच्या लवादाने 1911 मध्ये मान्य केलं, तरी त्यांना फ्रान्सला परत करायला ब्रिटन बांधील नाही असाच निकाल दिला.

या दोन्हींत माणूस येतो, पैसा नाही. फरार आर्थिक गुन्हेगारांचा 2018 चा कायदा सांगून कुणी आशा दाखवेल, तर त्याला मर्यादा विचारा: प्रकरण किमान 100 कोटींचं लागतं.

म्हणून माझा कल वसुलीच्या दाव्याकडे. 1999 मध्येच अमिरातीशी दिवाणी निकालांच्या अंमलबजावणीचाही करार झाला, त्यामुळे इथली डिक्री, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम, तिकडे नेता येते. समन्स मात्र रीतसर बजावलेलं हवं, नाहीतर एकतर्फी डिक्री तिथे अडते. पार्टीचा इथे गाळा किंवा जमीन असेल तर ती विकली जाण्याआधी जप्तीचा अर्ज टाका. फौजदारी फिर्याद जरूर करा, दबावाला उपयोगी पडते. पण तिच्या भरवशावर दावा लांबवू नका, मालाच्या किमतीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांचीच आहे. सौदापट्टी (व्यवहाराचा कागद), ट्रान्सपोर्टची पावती आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रासह आजच वकिलाकडे द्या.