नाकाची ॲलर्जी: स्प्रे आणि गोळ्या चालू ठेवाव्यात की इम्युनोथेरपी घ्यावी?

शिंका, वाहणारं नाक, रात्री चोंदणारा श्वास हे महिनोन्‌महिने चाललं की दोन पर्याय समोर येतात. एक, लक्षणं आटोक्यात ठेवणारी औषधं: गोळ्या आणि नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे. दुसरा, इम्युनोथेरपी: ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ ठरलेल्या मात्रेत वारंवार देऊन शरीराला त्याची सवय लावणं. निवड दोन गोष्टींवर ठरते. स्प्रे खरोखर नीट वापरून झाला आहे का, आणि सलग तीन वर्षं उपचार निभावता येतील का?

आधी गोळी आणि स्प्रे. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन यांसारख्या गोळ्या तासा-दोन तासांत शिंका, खाज आणि पाणी थांबवतात, पण चोंदलेल्या नाकावर त्यांचा जोर कमी. सेटिरिझिनने काहींना झोप येते. फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही, मात्र ही गोळी फळांच्या रसाबरोबर घेतली तर पुरेशी शोषली जात नाही. बिलास्टिन जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी लागते. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे चारही लक्षणांवर चालतो आणि रोजच्या त्रासासाठी गोळीपेक्षा सरस ठरतो. फक्त तो सावकाश काम करतो, पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागू शकतात. पाचव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बाटली बाजूला पडते, आणि स्प्रे विनाकारण बदनाम होतो.

स्प्रे बदनाम होण्याचं दुसरं कारण म्हणजे तो मारण्याची पद्धत. नवी बाटली हलवून, फवारा एकसारखा येईपर्यंत हवेत दाबायची. मान किंचित खाली झुकवायची. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारायचं, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. फवारा मधल्या पडद्यावर बसला तर तिथली त्वचा कोरडी पडते आणि रक्त येतं. मारताना श्वास हलकेच घ्यायचा. जोरात ओढलं की औषध घशात उतरतं. मोठ्यांसाठी सुरुवातीची नेहमीची मात्रा प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा दोन फवारे, आणि आराम पडल्यावर एक. मिठाच्या पाण्याने नाक धूत असाल तर ते आधी करा, आणि पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं, थेट नळाचं कधीच नाही.

नाक झटकन मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब या तुलनेत बसत नाहीत. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर असर उतरताना नाक आणखी चोंदतं, आणि मग थेंबांशिवाय झोप येईनाशी होते. ॲलर्जीवर दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्ट या गोळीचाही विचार जपूनच करावा: मनःस्थिती आणि झोपेवरच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला.

स्प्रे असा महिनाभर वापरूनही भागत नसेल, औषधं सोसत नसतील किंवा वर्षानुवर्षं घ्यायची इच्छा नसेल, तर इम्युनोथेरपीकडे वळावं. त्याआधी नेमका दोषी पदार्थ सापडायला हवा. त्वचेवर संशयित पदार्थाचा थेंब ठेवून हलकेच टोचण्याच्या चाचणीआधी (प्रिक टेस्ट) ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. रक्तातल्या विशिष्ट आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) तपासणीला ती अट नाही. चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे त्रास त्याचाच, असं नाही. परागकणांची चाचणी पॉझिटिव्ह आहे, पण त्या हंगामात नाक शांत असतं, तर त्यांची इम्युनोथेरपी घेऊन उपयोग नाही. एका चाचणीवर पंधरा-वीस पदार्थांचं मिश्रण सुचवलं गेलं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

आता इंजेक्शन की जिभेखालची गोळी? इंजेक्शनं सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा, मात्रा वाढवत साधारण तीन ते सहा महिने. नंतर तीच मात्रा टिकवत दोन ते चार आठवड्यांनी एक. प्रत्येक वेळी दवाखान्यात 30 मिनिटं थांबायचं, कारण गंभीर प्रतिक्रिया आलीच तर बहुतेकदा त्याच वेळात येते. अशा प्रतिक्रियेवरचं तातडीचं औषध, अड्रेनॅलिन, हाताशी नसलेल्या ठिकाणी हे इंजेक्शन घेऊ नये. गोळी रोज घरी घेता येते. फक्त पहिली डॉक्टरांसमोर. सुरुवातीला तोंडाला खाज किंवा जिभेखाली सूज येते, ती बहुधा काही आठवड्यांत ओसरते. गंभीर प्रतिक्रियेचा धोका गोळीत कमी, पण गोळ्या धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) आणि मोजके परागकण यांच्यासाठीच आहेत. हंगामी परागकणांची गोळी हंगामाच्या दोन ते चार महिने आधी सुरू करावी लागते. तोंडात जखम असेल किंवा दात काढला असेल, तर काही दिवस थांबायचं. आणि घरी कोणी विचारणारं नसल्यामुळे ती हळूहळू चुकायला लागते. रोजची शिस्त जमत नसेल, तर फेऱ्या मारून घ्यायचं इंजेक्शनच बरं.

दमा आटोक्यात नसेल तर इंजेक्शन आणि जिभेखालची गोळी, दोन्ही नकोत. बीटा ब्लॉकर गोळ्या (रक्तदाब किंवा हृदयासाठीच्या) चालू असतील तर आधी सांगा. त्यांमुळे प्रतिक्रिया आल्यास अड्रेनॅलिन नीट काम करत नाही. गर्भारपणात नव्याने सुरुवात करत नाहीत, चालू असलेली ठरलेली मात्रा मात्र बहुधा पुढे नेता येते. अन्ननलिकेच्या इओसिनोफिलिक दाहात (इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साठून येणारी सूज) जिभेखालची गोळी टाळतात.

कालावधीत तडजोड नको. तीन वर्षं पूर्ण केली तर उपचार थांबल्यावरही काही वर्षं फायदा टिकतो; दोन वर्षांत सोडलं तर तो टिकत नाही. मात्र टिकवण्याच्या मात्रेवर वर्षभर राहूनही नाकात फरक नसेल, तर तसंच रेटू नका: निदान, औषधाची मात्रा आणि चुकलेले डोस तिन्ही डॉक्टरांबरोबर तपासा, आणि कारण सापडलं नाही तर उपचार बंद करा.