थेट यूसी, की आधी कम्युनिटी कॉलेज?

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत मार्च महिना यूसीच्या, म्हणजे अनेक कॅम्पस असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, प्रवेश-निकालांची वाट बघण्यात जातो आणि एप्रिल वादावादीत. ज्यांना हवा तो कॅम्पस आणि हवा तो विषय, दोन्ही मिळाले, त्यांच्यापुढे प्रश्नच नाही. अडचण मधल्या मुलांची होते. कॅम्पस मिळालाय पण विषय दुसराच, आणि १ मेपर्यंत होकार कळवायचाय. आमच्या थोरल्या लेकीचं नेमकं हेच झालं. ती कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात गेली आणि तिथून तिसऱ्या वर्षाला यूसीत. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही, पण दुसरी बाजूही खरी आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प होतो, जणू मुलाचं काहीतरी बिनसलंय. प्रत्यक्षात हा रस्ता राज्याने ठरवून बांधलेला आहे. १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे राज्याच्या उच्चशिक्षणाच्या आराखड्यात, वरच्या एक-अष्टमांश मुलांना यूसी, एक-तृतीयांशांना सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज अशी रचना झाली, आणि तिथून वर जायची वाट त्यातच होती. आजही शाळेतून थेट येणाऱ्या दर दोन नव्या मुलांमागे एक ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणारा, विद्यार्थी घ्यायचा, असं यूसीचं उद्दिष्ट आहे. पदवी दोघांची एकच.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. यूसीत राहणं-खाणं धरून वर्षाला ४० हजारांच्या वर जातात. पण खरं सांगायचं तर आमचा निर्णय पैशावर झाला नाही.

तो झाला विषयावर. लेकीने अर्जात कॉम्प्युटर सायन्स लिहिलं होतं. एका कॅम्पसने प्रवेश दिला, पण दुसऱ्या पसंतीच्या विषयात. ‘आत गेल्यावर बदलून घेता येईल’ असं चार जणांनी सांगितलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की गर्दीच्या विषयांत आतून शिरणं फार कठीण झालंय. जागा मोजक्या, निवड कडक, हमी कसलीच नाही. सतराव्या वर्षी अर्जातल्या एका रकान्यात जे भरलं, त्याच्यावर पुढची चार वर्षं बांधून घ्यायची. मला हे सगळ्यात जास्त खटकलं, आणि अजूनही खटकतं.

कम्युनिटी कॉलेजात क्रम उलटा असतो. आधी गणित, प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र शिकायचं, मग कळून-सवरून विषयासाठी अर्ज करायचा. लेकीने दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर सायन्स सोडून संख्याशास्त्र धरलं, आणि त्यासाठी तिला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. वर्गात तीस-चाळीस मुलं असत. प्राध्यापक नावाने ओळखत आणि शंका विचारायला गेलं की भेटत. पहिल्या दोन वर्षांचं कॅल्क्युलस शेकडो मुलांच्या सभागृहात शिकण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं. ज्यांची मुलं मोठ्या वर्गात खुलतात, त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

थेट जाण्यातलं सुख मात्र नाकारता येत नाही. डॉर्ममधलं पहिलं वर्ष आणि तिथे जमलेली मैत्री नंतर भरून निघत नाही. तिसऱ्या वर्षी गेलेल्या मुलाला सगळ्यांचे कंपू आधीच ठरलेले दिसतात. संशोधनात हात घालायचा असेल तर प्रयोगशाळेत लवकर पोचलेला पुढे असतो. आणि ज्या मुलाला घरापासून दूर जाणं मनापासून हवंय, त्याला आणखी दोन वर्षं घरी ठेवणं मला तरी योग्य वाटत नाही.

ट्रान्सफरच्या वाटेवर लक्ष बारीक ठेवावं लागतं. कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर दिसतं. ते पहिल्याच सत्रात उघडा, काउन्सेलरच्या तोंडी सांगण्यावर थांबू नका. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ‘टॅग’ म्हणजे प्रवेशाची लेखी हमी देतात. ती एकाच कॅम्पसकडे मागता येते आणि अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. गर्दीचे काही विषयही वगळलेले असतात, त्यामुळे तुमचा विषय आधी तपासा.

आमचा धाकटा आता अकरावीत आहे. त्याने थेट जायचं की दिदीच्या वाटेने, हे अजून ठरलेलं नाही. तूर्त तो शाळा सांभाळून कम्युनिटी कॉलेजात एक विषय शिकतोय. शाळेतून असा विषय घेतला तरी यूसीसाठी तो नवा विद्यार्थीच धरला जातो, म्हणजे दोन्ही दारं उघडी राहतात. फक्त तिथले गुण कायमचे नोंदले जातात. म्हणून एका वेळी एकच विषय, आणि तोही त्याच्या आवडीचा, एवढं आम्ही पाळतो.