टिळकवाडीतलं लेखन-मार्गदर्शन केंद्र: पेन्सिल विद्यार्थ्याकडे, पण कुठवर?

बेळगावात पैसे घेऊन प्रोजेक्ट रिपोर्ट ‘करून देणारे’ पुष्कळ आहेत. हे केंद्र त्यांतलं नाही. इथे कुणी तुमचं लिहून देत नाही, आणि ते योग्यच आहे.

बैठक पाऊण तासाची. मार्गदर्शक शेजारी बसतात, पेन्सिल विद्यार्थ्याच्या हातात. पान मोठ्याने वाचायचं, मग प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न: ‘यात काय सांगायचंय?’ उत्तर एका वाक्यात समासात लिहायचं. नुसता समास वरून खाली वाचला की कुठले दोन परिच्छेद एकच गोष्ट सांगतात आणि निष्कर्षाला आधार कुठे नाही, ते लगेच कळतं. उत्तर मराठीत दिलं तरी चालतं, कन्नडमध्येही. खानापूर-निपाणीकडून मराठी माध्यमातून आलेली मुलं यामुळेच मोकळी होतात.

ही रीत अमेरिकेतल्या विद्यापीठांची. लेखन नव्हे, लिहिणारा सुधारायचा, ही भूमिका तिथले लेखन-अध्यापनाचे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये मांडली. १९९१ मध्ये जेफ ब्रूक्स यांनी मार्गदर्शकाचा हात आणखी आखडता घ्यायला सांगितलं. १९९५ मध्ये लिंडा शॅमून आणि डेबोरा बर्न्स यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, संगीताच्या मास्टरक्लासमध्ये जाणकार करून दाखवतो, शिकणारा उचलतो. मग लेखनातच दाखवण्याला बंदी का? गाण्याची मोठी परंपरा असलेल्या बेळगाव-धारवाडकडे हे वेगळं पटवून द्यायला नको.

केंद्र कमी पडतं ते नेमकं इथेच. इंग्रजीतला ‘द’ किंवा ‘अ’ गळला की मार्गदर्शक विचारतात, ‘कानाला कसं वाटतंय?’ मराठी किंवा कन्नडमध्ये ही उपपदंच नाहीत, त्यामुळे ते वाक्य कानाला ठीकच वाटतं. पोरगं गप्प बसतं आणि दहा मिनिटं जातात. संदर्भसूचीचंही तेच. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, मग कंसात साल, हा काही संदर्भ-पद्धतींतला ठरलेला नियम आहे. तो प्रश्न विचारून बाहेर येत नाही, सांगावाच लागतो.

शेवटची पंधरा मिनिटं दाखवण्यासाठी राखून ठेवली पाहिजेत. एक परिच्छेद मार्गदर्शकांनी कारणं सांगत दुरुस्त करावा, पुढचा विद्यार्थ्याने त्यांच्यासमोर करावा. एका वेळी दोनच प्रकारच्या चुका घ्याव्यात, नाहीतर मार्गदर्शकच सगळा रिपोर्ट तपासत बसतील.

जाताना दुप्पट ओळअंतर सोडलेली, एका बाजूला छापलेली प्रिंट न्या. कॉलेजच्या गाइडने दिलेला नमुनाही सोबत ठेवा. सबमिशनच्या आदल्या दिवशी गेलात तर आराखडा बदलायला वेळच उरत नाही. निदान दोन आठवडे आधी जा.