फुगा कशाने भरायचा: हायड्रोजन की हेलिअम?

हेलिअमचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या चौपट जड. मग हायड्रोजनचा फुगा चौपट वजन उचलेल, असा हिशेब मनातल्या मनात मांडला जातो आणि तिथेच गल्लत होते. एक तर हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने राहतात, त्यामुळे वायू म्हणून फरक दुपटीवर येतो. दुसरं, फुगा वर जातो तो बाजूला सारलेल्या हवेच्या जोरावर. शून्य अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा 1.29 किलो भरते, हायड्रोजन 0.09 आणि हेलिअम 0.18. वजाबाकी केली की उरतात 1.20 आणि 1.11. आठ टक्क्यांचाही फरक नाही! तेव्हा वजनावर निवड ठरवू नका.

ठरवायचं ते इलेक्ट्रॉनवर. अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन कवचांत, म्हणजे थरांत राहतात, आणि पहिल्या कवचात दोनच मावतात. हेलिअमकडे ते दोन्ही आहेत, त्यामुळे त्याला कुणाशी देणंघेणं नाही. त्यातला एक काढायला 24.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) लागतात, सगळ्या मूलद्रव्यांत सर्वाधिक. हायड्रोजनकडे एकच. दुसऱ्यासाठी तो जोडी जमवतो, पण ऑक्सिजन आणि ठिणगी मिळाली की ती मोडून त्याच्याशी सोयरीक करतो. जस्तावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून परीक्षानळीत जमवलेल्या वायूपाशी जळती काडी न्या: 'फट्' आवाज होतो आणि काचेला आतून बारीक दव धरतं. ते नुकतंच तयार झालेलं पाणी. हेलिअमच्या नळीत काडी नुसती विझते.

परीक्षानळीत ही गंमत वाटते, फुग्यात नाही. हवेत 4 ते 75 टक्क्यांपर्यंत कितीही हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेतो, कपड्यांतल्या स्थिर विजेची ठिणगीही पुरते, आणि ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. 1937 साली हिंडेनबर्ग हे हायड्रोजनने भरलेलं हवाई जहाज पेटलं, 36 जण गेले.

म्हणून आसपास माणसं असतील तर हेलिअमच, त्यात घासाघीस नको. (आवाज बारीक करायला तो छातीत ओढू नका, विषारी नसला तरी ऑक्सिजनची जागा घेतो.) माणसांपासून दूर, मोकळ्यावर सोडायचा हवामानाचा फुगा असेल आणि भरणारे हात सरावलेले असतील, तर मात्र मी हायड्रोजन घेईन. तो पाण्यातून वीज सोडून हवा तेव्हा बनवता येतो. 1783 साली फ्रेंच शास्त्रज्ञ जाक शार्लने पहिला हायड्रोजनचा फुगा लोखंड आणि गंधकाम्लावर भरला होता. हेलिअम असा बनवता येत नाही. युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सारातून तो जमिनीत कोट्यवधी वर्षं साठतो, नैसर्गिक वायूबरोबर वर येतो, आणि फुगा फुटला की हळूहळू वातावरणाबाहेर निघून जातो.