निवासी भरती अकॅडमी : फ्लेक्स नको, ग्राउंड बघा

बारावीचा निकाल लागला की सातारा, सांगली, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यात कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येतं : "मला आर्मीत जायचंय, अकॅडमी लावा." आई काही न बोलता आत निघून जाते, बाप फी विचारतो. कौतुक आणि धसका एकदमच आलेले असतात. अकॅडमीवाल्यांना हे पुरतं ठाऊक असतं. "पोरगा आमच्यावर सोपवा आणि निर्धास्त राहा" हे वाक्य त्या धसक्यासाठीच बनवलेलं आहे. राहणं-जेवण धरून दोन ते सहा महिन्यांत अग्निवीर जीडीची (जनरल ड्यूटी, म्हणजे साध्या जवानाची चार वर्षांची भरती) तयारी करून घेणाऱ्या या सेवेचं परीक्षण आम्ही पालकांच्या बाजूनं करतोय. पैसे त्यांचे जातात, झोपही त्यांचीच जाते.

आधी दारावरचा फ्लेक्स. गणवेशातले चाळीस चेहरे, खाली 'आमचे यशस्वी विद्यार्थी'. कोणता चेहरा कोणत्या साली कुठे लागला ते विचारा. त्यात पोलिस भरतीचे, एसआरपीचे, बीएसएफचे सगळे मिसळलेले निघतात. एकच पोरगा तीन अकॅडम्यांच्या फ्लेक्सवर दिसणं ही तर नेहमीची गोष्ट. गेल्या बॅचला किती जण आले, किती लेखी पास झाले, किती मेडिकलला टिकले, हे तीन आकडे वहीत लिहिलेले दाखवता आले तर पुढे बोलावं.

खरी परीक्षा पहाटे पाचला. फी भरण्याआधी एक दिवस न सांगता ग्राउंडवर जाऊन उभे राहा. सोळाशे मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत मारले तर ६० गुण, त्यापुढच्या १५ सेकंदांत ४८. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येक साधारण ८२ सेकंदांत. चांगल्या प्रशिक्षकाच्या हातात स्टॉपवॉच आणि वही असते, आणि वहीत पोराच्या नावापुढे चारही फेऱ्यांची वेळ वेगवेगळी लिहिलेली असते. ७२, ८४, ९१, ९० असं दिसलं तर पोरगा पहिल्या फेरीत उधळतोय आणि नंतर फुटतोय. ही खोड दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात येते, पण कोणी लिहून ठेवलं तरच. जिथे नुसतं "पळा रे, पळा" चालतं आणि शेवटी एकच वेळ ओरडून सांगितली जाते, तिथे पैसे घालू नयेत. रॅलीत, म्हणजे सैन्याच्या प्रत्यक्ष भरतीच्या मैदानावर, मोठ्या घोळक्यात पळायचं असतं, पहिल्या पन्नास मीटरला कोपर लागतं, पाय अडकतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सगळ्या बॅचला एकत्र सोडणारी अकॅडमी बरी.

पण रोज सोळाशे वेळ लावून पळवणारी अकॅडमी वाईट. नडगी दुखायला लागते ती इथूनच. गावाकडे शाळेच्या मैदानावर कधीतरी पळणारा पोरगा इथे आल्याबरोबर दिवसाला दहा-बारा किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर, स्वस्तातल्या चपट्या बुटांत पळतो. तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला दाबलं की कळ येते. तेव्हा थांबवलं तर दोन-तीन आठवड्यांत सुटतं. पेनकिलर देऊन पळवलं तर हाडाला बारीक चीर जाते आणि ती भरती हातची जाते. आठवड्याला दोन दिवस कडक सराव (८० सेकंदांच्या सहा-सात फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती), एक दिवस संथ लांब धाव, बाकी हलकं, आणि ट्रॅक मातीचा किंवा मुरमाचा, असं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असेल तर मान डोलवावी. 'पळण्याआधी घ्यायचं इंजेक्शन' हा शब्द जरी कानावर आला तरी पोराला बॅगेसकट परत आणावं. रॅलीत उत्तेजक औषधांना बंदी आहेच, पण आधी त्याचं हृदय आहे.

बीमला (दांड्याला लटकून वर खेचायचे पुल-अप्स) दहा मारले की ४० गुण, सहाला १६. इथली फसवणूक साधी असते. पोरगा घरी फोनवर "पंधरा मारतो" सांगतो, पण ते झोके घेऊन, हात अर्धे वाकवून. हात पूर्ण सरळ, हनुवटी दांड्याच्या वर, शरीर स्थिर, हे नसेल तर रॅलीत तो बीम मोजला जात नाही. पोराला तुमच्यासमोर मारायला सांगा आणि स्वतः मोजा. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग (तोल सांभाळत चालायची वाकडी पट्टी) यांना गुण नाहीत, फक्त पार करायचे असतात. तिथे अडकणारे कमीच.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो मेडिकलमुळे, आणि या बाबतीत बहुतेक अकॅडम्या नापास. प्रवेशाच्या दिवशी फी घेतात, तपासणी कोणी करत नाही. चार महिने घाम गाळून पोरगा शेवटी गुडघ्यांमुळे मेडिकलला नापास होऊन घरी येतो. काही गोष्टी घरीच कळतात. ताठ उभं राहिल्यावर गुडघे चिकटतात आणि घोट्यांमध्ये मोठी फट राहते का? ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवला की मधली कमान न दिसता पूर्ण तळवा उमटतो का? रंग ओळखण्यात गोंधळ होतो का? महाराष्ट्रातून जीडीला उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून किमान ५ जास्त. दंडावर महाराजांचं टॅटू असेल तर कितीही भक्तीनं काढलेलं असलं तरी अडचण येते. मुभा हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला आहे. पायावरच्या फुगलेल्या शिरा, हायड्रोसिल, कानातला मळ, किडलेले दात हे आधी डॉक्टरांकडून बघून घ्यावं. यातलं बरंचसं वेळेत दुरुस्त होतं. रंगांधळेपणा होत नाही.

लेखीचे वर्ग बहुधा ठीकठाक. जीडीला ५० प्रश्न, १०० गुण, एक तास, आणि चुकीला गुण कापले जातात. पेपर आता मराठीतूनही देता येतो, तरी कित्येक ठिकाणी हिंदी पुस्तकंच रेटतात. संगणकावर सराव परीक्षा होते का तेवढं विचारा. लेखी आधी, ग्राउंड नंतर, हा क्रम आता पक्का आहे. नुसती ताकद असून बोलावणं येत नाही.

मेसचं ताट बघा : डाळ, अंडी, दूध, मोड आलेली कडधान्यं रोज असतात की रविवारी पालक येतात तेव्हाच? आणि एक गोष्ट अजिबात मान्य करू नका. दहावीचं मूळ मार्कशीट, डोमिसाईल, जातीचा दाखला अकॅडमीच्या कपाटात ठेवायला देऊ नका. पोरगा मध्येच सोडून जाऊ नये म्हणून ही कागदपत्रं अडकवून ठेवतात. 'आत आपला माणूस आहे' म्हणून वेगळी रक्कम मागणारा तर सरळ फसवतोय.

राहिला पालक मेळावा. लाऊडस्पीकर, देशभक्तीपर गाणी, एका निवृत्त सुभेदारांचं भाषण, डोळ्यांत पाणी. भाषण खरंही असतं. पण बाप विचारायला आलेला असतो, "चार वर्षांनी काय?" आणि त्याला उत्तर मिळत नाही. ते असं आहे. पहिल्या वर्षी पगार ३०,०००, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. दरमहा ३० टक्के कापले जातात, सरकार तेवढेच घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख करमुक्त मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा. कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. वर्षाला ३० दिवस सुट्टी. आणि मध्येच "नको वाटतंय" म्हणून घरी येता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण सोडून. हे आकडे फळ्यावर लिहून आईसमोर समजावणारी अकॅडमी क्वचित सापडते. सापडली तर ग्राउंड थोडं कमी बरं असलं तरी आम्ही तिलाच वरचा नंबर देऊ.

मग घ्यावी का? सोळाशे सहा मिनिटांच्या आसपास असेल, मेडिकलची भीती नसेल, घरी पहाटे उठवणारं कोणी नसेल, तर तीन महिने पुरेत. सात मिनिटं लागत असतील तर आधी दोन महिने गावातच पळू द्या, फुकट. दहावीतच पोराला अधिकारी व्हायचंय असं वाटत असेल तर ही वाटच वेगळी : छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून एनडीएची (अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तयारी करून घेते. पदवीनंतर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची (अधिकारी निवडीची मुलाखत) तयारी मोफत होते.

पोरगा अठराच्या आत असेल तर भरतीच्या कागदावर आई-बापाची सही लागते. ती रॅलीच्या गडबडीत, रांगेत, कुणाच्या तरी पाठीवर कागद ठेवून करायची वेळ आणू नका. घरी, जेवणं झाल्यावर, तिघांनी बसून एकदा पूर्ण वाचून करा.