बी. बी. किंगच्या नावाच्या तारा: १० ते ५४ चा संच चढवण्याआधी

वरच्या सुरांच्या तीन तारा बारीक, खालच्या सुरांच्या तीन दणकट. गिब्सन या गिटार कंपनीने अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगच्या नावाने इलेक्ट्रिक गिटारसाठी काढलेल्या संचाचं वेगळेपण एवढंच आहे. इंचाच्या हजाराव्या भागात जाडी अशी: १०, १३, १७, ३२, ४५, ५४. आपल्याकडे अनेक इलेक्ट्रिक गिटारींवर १० ते ४६ चा संच असतो: १०, १३, १७, २६, ३६, ४६. म्हणजे पहिल्या तीन तारा जशाच्या तशा, फरक चौथीपासून.

गात गात वाजवणाऱ्याने हा संच जरूर घ्यावा. मात्र नटला (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) कानस लावल्याशिवाय चढवू नये.

पहिल्या तीन तारांची बाजू बारीक का, हे किंगचं वाजवणं ऐकलं की कळतं. तो गात असताना गिटार गप्प असते. ओळ संपली की ती उत्तर देते. गाण्याखाली कॉर्ड धरून ठेवणं त्याच्या वाजवण्यात नव्हतंच. त्याच्या नात्यातला ब्लूज वादक बुक्का व्हाइट स्लाइड वाजवायचा, म्हणजे तारेवर नळी सरकवून सूर काढायचा. ते काही आपल्या हाताला जमेना, म्हणून किंगने तोच थरार मनगट हलवून बोटाने काढला. कोल्हापूरच्या कानाला हे सरगममध्ये सांगितलेलं बरं. दुसऱ्या तारेचा १० वा फ्रेट हा सा धरा. त्याच तारेच्या १२ व्या फ्रेटवर रिषभ. तो अर्धा सूर खेचला की कोमल गंधार, पूर्ण खेचला की शुद्ध गंधार, आणि ब्लूजचा जीव या दोन गंधारांच्या मधल्या जागेत. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात मींड म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. ही मींड १३ च्या तारेवर सहज निघते, जाड तारेवर बोट सोलवटतं आणि सूर अर्ध्यातच राहतो.

मग जाड बाजू कशासाठी? एकट्याने गाऊन साथही करणाऱ्यासाठी. सूर आणि लांबी तीच ठेवली, तर तारेवरचा ताण साधारण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ४६ च्या जागी ५४ आली की सहाव्या तारेवर सुमारे ३८ टक्के जास्त ताण, चौथीवर जवळजवळ दीडपट. त्यामुळे खर्ज भरीव लागतो, अंगठ्याने जोरात मारलं तरी तार लोळत नाही, आणि गळ्याच्या सोयीसाठी गिटार अर्धा सूर उतरवली तरी ढिली पडत नाही. गायकाला ही शेवटची गोष्ट फार मोलाची.

आता बिघडतं कुठे. कारखान्यात नटची खाच सहसा ४६ साठी, म्हणजे १.१७ मिमीच्या तारेसाठी कापलेली असते. ५४ म्हणजे १.३७ मिमी. ती खाचेत अडकते, खुंटी पिळताना ‘टिंग’ आवाज करते आणि सूर एकदम उडी मारतो. लोक खुंट्यांना दोष देतात. दोष खाचेचा असतो. नटची कानस नसेल तर जुन्या ४६ च्या तारेला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा एक वेढा द्या आणि खाच हळूहळू रुंद करा. खोल करू नका. उतार खुंट्यांच्या दिशेने हवा. तार पहिल्या फ्रेटकडच्या कडेवर टेकली पाहिजे. खाच सपाट राहिली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना जे मुद्दाम साधायचं, तेच इथे टाळायचं आहे. म्हणून तंतुवाद्यांच्या कारागिराकडे काम दिलंत तर हे आधी स्पष्ट सांगा. शेवटी खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. सुरात लावून मानेचा बाक तपासा. सहावी तार पहिल्या आणि १७ व्या फ्रेटवर दाबा, आठव्या फ्रेटवर फट किती ते बघा. ती ०.२५ मिमीच्या आसपास हवी, आणि मोजायचं साधन हाताशीच आहे: पहिल्या तारेचा कापून उरलेला तुकडा बरोबर ०.२५ मिमीचा असतो. तो ढिला जात असेल तर ट्रस रॉड (मानेतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव वळसा, त्याहून जास्त एका वेळी नाही. फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारसारखा हलणारा ब्रिज असेल तर तो पुढे उचलला जाईल. मागच्या स्प्रिंगचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे आवळा. मग १२ व्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळवा. जाड तारांचा दाबलेला सूर चढा येईल, त्यांचे सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) मागे घ्या.

बार कॉर्डवर (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) भावगीतं वाजवणाऱ्याला हा संच नको. चौथ्या-पाचव्या तारेवर बोट दमतं आणि बदल्यात फारसं काही मिळत नाही. हातात जोर बेताचा असेल तर १० ते ५२ चा संच (१०, १३, १७, ३०, ४२, ५२) मधला मार्ग आहे आणि तो शोधायलाही सोपा.

किंगने १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम केले. १९४९ साली ट्विस्ट, आर्कान्सा इथे पेटलेल्या नाचघरात तो गिटारसाठी परत शिरला आणि तेव्हापासून त्याची प्रत्येक गिटार ‘ल्युसिल’ झाली. इतक्या वाजवण्यात तार सुरात टिकणं हा चैनीचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे तिची परीक्षा पाऊस घेतो. जूनपासून साध्या पोलादी तीन तारांवर आधी काळे ठिपके येतात, मग बोटाला खरखर लागते, आणि खेचलेला गंधार मध्येच अडखळतो. वाजवून झालं की सुती फडक्याने तार वरून आणि खालूनही पुसा. गंज खालच्या बाजूने सुरू होतो. गिटार भिंतीला टांगू नका, पेटीत सिलिका जेलसोबत ठेवा. तरीही पावसाळ्यात पहिल्या तीन तारा लवकर जातात. जाड तीन त्यांच्यापेक्षा जास्त टिकतात, म्हणून १०, १३, १७ च्या सुट्या तारांची एकेक जोडी संचासोबतच घेऊन ठेवा.